आडनावामागचे गाव

दलितांच्या शिक्षित पिढीविषयी आपल्याकडे दोन टोकांनी बोलले जाते. एक तर तिच्या प्रगतीचा गौरव होतो, नाही तर ती समाजापासून तुटली म्हणून तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. या दोहोंच्या मधली एक गोष्ट फारशी कोणी मांडत नाही. ती म्हणजे घरातले गुपित. जात लपवून शहरात स्थिरावलेल्या घरात मुलगी वाढते, तेव्हा तिचे गाव, तिची आजी, तिचे नातलग हे सारे तिच्यापासूनही लपवलेले असते. हे गुपित तयार कसे होते, त्याची राखण कोण करते आणि ते कोठे फुटते, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे. मी स्वतः अशाच घरात वाढले. म्हणून या विषयावर बोलणे मला भाग आहे.

बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह 1963 साली आला आणि एका मूक वास्तवाला मराठीत नाव मिळाले. बागुलांनी स्वतः सुरतेला रेल्वेत नोकरी करताना राहण्याच्या जागेसाठी हे भोगले होते. पण 'चोरी' या शब्दाचा नीट विचार केला पाहिजे. चोरी म्हणजे दुसऱ्याचे घेणे. येथे माणूस स्वतःचेच काही दडवतो, आणि तेही डोक्यावर छप्पर मिळावे एवढ्यासाठी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली बडोद्याला संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा अमेरिकेत शिकून आलेल्या या विद्वानाला गावात जागा मिळेना. शेवटी पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. हा अनुभव बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. तेव्हा जात लपवणाऱ्याच्या भित्रेपणाची चर्चा करण्याआधी खोली नाकारणाऱ्या घरमालकाची चर्चा व्हायला हवी.

माझे वडील रिसोड तालुक्यातल्या एका खेड्यातले. 1979 साली कारकुनाची नोकरी मिळाली आणि ते पुण्याला गेले. दोन ठिकाणी जात विचारून खोली नाकारली गेली. तिसऱ्या ठिकाणी त्यांनी फक्त आडनाव सांगितले. वऱ्हाडात इंगोले, वानखडे यांसारखी आडनावे कुणब्यांत आहेत, तशीच बौद्धांतही आहेत. आमचेही त्याच जातीचे आडनाव. घरमालकाने आपल्या सोयीचा अर्थ काढला आणि वडिलांनी तो खोडला नाही. आमच्या घरातले गुपित असे एका न दिलेल्या उत्तरातून जन्माला आले.

पण न दिलेले उत्तर रोज सांभाळावे लागते. पुरुषाने दाराबाहेर घेतलेला हा निर्णय घराच्या आत बाईला निभवावा लागतो. वडील सकाळी कचेरीत जात. शेजारणी यायच्या त्या आईकडे. कुलदैवत कोणते, लग्नात देवक कोणते, माहेरचे कोण कोण, हे प्रश्न तिला झेलावे लागत. संक्रांतीचे हळदीकुंकू तिला करावे लागे. बाबासाहेबांची तसबीर भिंतीवर नव्हती. ती कपाटात साड्यांच्या घडीखाली होती. गावाकडचे कोणी आले तर दारात 'जयभीम' म्हणायचे नाही, अशी ताकीद असे. माझे सख्खे काका दोनदा आले, तेव्हा आमची ओळख 'गावाकडचे ओळखीचे' एवढीच करून देण्यात आली. ते पाहुण्यासारखे जेवले आणि रात्रीच्या गाडीने परत गेले. आजीला दर महिन्याला मनीऑर्डर जाई. आम्ही मुले मात्र कधी गेलो नाही.

असे गुपित बहुधा दोन ठिकाणी फुटते. मुलीच्या लग्नात, कारण सोयरिकीत केवळ आडनावावर भागत नाही. आणि शिक्षणाच्या प्रवेशात, कारण तेथे शासन कागद मागते. ज्या घरांना गुपित जास्त मोलाचे वाटते, ती घरे सवलतच सोडून देतात; म्हणजे जात लपवण्याची किंमत पुढची पिढी भरते. माझ्या बाबतीत हा प्रसंग 2003 साली बारावीनंतर आला. जातीचा दाखला व पडताळणी यांसंबंधीचा महाराष्ट्राचा कायदा 18 ऑक्टोबर 2001 पासून अमलात आला होता. त्याची रीत विद्यार्थ्यांनी व कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी.

अनुसूचित जातींसाठी महाराष्ट्रात 10 ऑगस्ट 1950 ही तारीख धरली जाते. त्या तारखेला आपले पूर्वज जेथे राहत होते, तेथील उपविभागीय अधिकाऱ्याकडे दाखला मागायचा. पुरावा म्हणून त्या तारखेपूर्वीची नोंद हवी. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहायचे. आजोबा निरक्षर असतील, आणि आपले बहुतेकांचे तसेच असतात, तर गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, म्हणजे वऱ्हाडात ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्याची नक्कल काढायची. वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या कागदांसाठी कधी कधी अकोल्याचीही वाट धरावी लागते. सोबत वंशावळीचे शपथपत्र द्यावे लागते, आणि ज्याची नोंद सापडली तो आपला कोण, हे त्यावरून ठरते.

आमच्या घरात नोंद सापडली ती आजोबांच्या भावाची. त्या नोंदीशी माझे नाते सांगायला साक्ष लागली ती काकांची. ज्यांना आमच्या दारात नाते सांगायची मुभा नव्हती, त्या शेतमजूर माणसाने मजुरी बुडवून वाशिमला येऊन सांगितले, की ही माझ्या सख्ख्या भावाची मुलगी आहे. वडील आले नाहीत. आजीला मी त्याच खेपेस पहिल्यांदा पाहिले. तिने काही विचारले नाही. माझी हनुवटी धरून ती एवढेच म्हणाली, "तुह्या बापाचं नाक हाये तुले." शासनाला तीन पिढ्यांचे कागद लागले, तिला तेवढे पुरले.

येथे एक विरोधाभास सांगितलाच पाहिजे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्म घेतला तो जात टाकण्यासाठी. आणि दाखल्यासाठी मात्र 'महार' हीच नोंद शोधावी लागते. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळायला 1990 साल उजाडावे लागले. तरुण मुले विचारतात, की आपण जात सोडली तर ती कागदावर का जपायची? त्याचे उत्तर असे की कागदावरची जात हा आपल्यावर झालेल्या अन्यायाचा हिशेब आहे, आणि धम्म ही त्यातून बाहेर पडण्याची वाट आहे. हिशेब फाडला म्हणून देणेकऱ्याचे कर्ज फिटत नाही. लपवणे मात्र या दोहोंपेक्षा वेगळे आहे. लपवणाऱ्याला हिशेबही मागता येत नाही आणि वाटही चालता येत नाही.

मिश्रविवाहातल्या मुलींचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. मुलाची जात बापाची, असेच सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. परंतु 2012 साली रमेशभाई नायका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हे गृहीत अंतिम नाही. मूल आईच्या समाजात वाढले व त्या समाजाची अवहेलना त्याने भोगली, हे पुराव्याने सिद्ध करता येते. याची दुसरी बाजू कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट' (1981) मध्ये दिसते. संस्कृत शिकलेल्या सोमकुंवर नावाच्या मुलीला जे दार उघडले नाही, ते लग्नानंतरच्या पावडे या आडनावाला उघडले, हे त्यांनी परखडपणे नोंदवले आहे. बाईचे आडनाव दोनदा ठरते आणि दोन्ही वेळा ते दुसऱ्याचे असते. तिच्या 'आपण कोणाच्या?' या प्रश्नाला म्हणूनच दुहेरी धार असते.

आपल्या स्त्रियांनी स्वतःही गुपिते सांभाळली आहेत. पण ती वेगळ्या जातीची. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'चे लेखन कित्येक वर्षे घरच्यांपासून, नवऱ्यापासून लपवून ठेवले. पुरुषाने समाज लपवला तो सवर्णांच्या भीतीने. बाईने लेखन लपवले ते घराच्या भीतीने. बेबीताईंच्या गुपितातून एका सबंध समाजाचे जगणे उजेडात आले. आमच्या घरच्या गुपिताने एक सबंध समाज अंधारात ढकलला. दोन्हींचे मोल सारखे कसे मानायचे?

वडिलांना मी दोष देत नाही. पण त्यांचे मौन पुढे चालवण्यासही मी तयार नाही. शिक्षण संपवून मी वाशिमलाच शिकवू लागले. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत एखादी मुलगी कागद हातात घेऊन येते आणि आवाज खाली आणून बोलते. अशा वेळी शिक्षकाने वर्गात मोठ्याने जात विचारू नये, हे तर झालेच. त्यापुढे जाऊन तिच्यासोबत बसावे, कोणत्या रजिस्टरात काय पाहायचे ते सांगावे, आणि गावी कोण आहे याची चौकशी करावी. कागदाच्या निमित्ताने तिला तिची माणसे भेटतात.

एक काम मात्र शपथपत्राने होत नाही. वंशावळीत पणजोबा, आजोबा, वडील, काका असतात. आजी नसते, आई नसते, आत्या नसते. नातलगांचे कागद पुरुषांच्या रेषेने चालतात. म्हणून मी माझ्या विद्यार्थिनींना दुसरी वंशावळ लिहायला सांगते: आजीचे माहेर कोणते, तिची आई कोणाच्या वावरात राबत होती, दुष्काळात घर कोणी चालवले, 1956 साली घरातून कोण नागपूरला गेले आणि मागे पोरेबाळे कोणी सांभाळली. ही वंशावळ कोणत्याही कचेरीत चालत नाही. परंतु ती आजच लिहून घेतली पाहिजे. कारण ती ज्यांना तोंडपाठ आहे, त्या म्हाताऱ्या आता थोड्याच उरल्या आहेत.