सहा महिन्यांचं कवच

भारतीय दंड संहितेच्या कलम ३३० खाली काही उदाहरणं दिलेली होती. त्यातलं पहिलंच असं: 'क' हा पोलीस अधिकारी, 'य'नं गुन्हा कबूल करावा म्हणून तो त्याचा छळ करतो, 'क' दोषी आहे. दुसऱ्या उदाहरणातही पोलीसच होता, चोरीचा माल कुठे लपवलाय ते वदवून घेण्यासाठी छळ करणारा. १८६० साली हा कायदा झाला, त्याच्या पाचच वर्षं आधी मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला होता. कायदा करणाऱ्यांना ठाण्यात काय चालतं हे पक्कं ठाऊक होतं. हाच गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० मध्ये आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत केली तर दहा.

गुन्हा इतका स्वच्छ लिहिलेला असताना खटले उभे का राहत नाहीत, हा प्रश्न मला अनेक वर्षं सतावतो आहे. पुराव्याची अडचण सर्वांना माहीत आहे. कोठडीत जे घडतं त्याचे साक्षीदार बहुधा पोलीसच, आणि सहकाऱ्याविरुद्ध पोलीस बोलत नाही. सुप्रीम कोर्टानं १९९५ साली श्यामसुंदर त्रिवेदी प्रकरणात हेच बोलून दाखवलं. त्याच्याही दहा वर्षं आधी विधी आयोगानं आपल्या ११३ व्या अहवालात उपाय सुचवला होता: माणूस कोठडीत असताना जखमी झाला, तर ती जखम पोलिसानं केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं. २०२३ साली पुराव्याचा कायदा नव्यानं लिहिला गेला, त्यातही ही तरतूद आली नाही.

पण पुराव्यापर्यंत पोहोचण्याआधीच खटला गारद करणारं एक कलम आपल्याच राज्यात आहे आणि त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ते आहे मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१. पोलिसानं कर्तव्याच्या किंवा अधिकाराच्या नावाखाली अथवा त्यांची मर्यादा ओलांडून काही कृत्य केलं असेल, तर त्या दिवसापासून सहा महिन्यांत खटला किंवा दावा दाखल झाला पाहिजे. नाही झाला तर न्यायालयानं तो फेटाळायचा. राज्य सरकारनं आधी मंजुरी दिली तरच खटल्याला दोन वर्षं मिळतात. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करायचा तर ज्यानं मारलं त्यालाच किमान महिनाभर आधी नोटीस द्यायची.

मार खाल्लेल्या माणसाचे सहा महिने कसे जातात ते पाहा. सुरुवातीचे दिवस तो कोठडीतच असतो. रिमांडसाठी उभं केल्यावर मॅजिस्ट्रेट विचारतात, काही तक्रार आहे का? मारणारा शेजारीच उभा असतो, मार खाल्लेला मान हलवतो, नाही. मग जामिनाची धावपळ, दवाखाना, बुडालेली मजुरी. त्याच ठाण्यात तक्रार द्यायला गेलं की ठाणे अंमलदार अर्ज ठेवून घेतो, पोच देत नाही. एसपींकडे अर्ज जातो, तो चौकशीसाठी फिरून त्याच ठाण्यात येतो. खासगी फिर्याद करावी असं वकील सुचवतो, तेव्हा कॅलेंडरची बरीच पानं उलटलेली असतात.

या कलमावरचे दोन जुने निकाल शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. पहिला विरूपाक्षप्पा कडमपूर या हेडकॉन्स्टेबलचा. गांजाच्या मुद्देमालाचा खोटा पंचनामा केल्याचा त्याच्यावर आरोप होता. सुप्रीम कोर्ट म्हणालं, पंचनामा करणं हे त्याचं कामच, तो खोटा केला तरी कामाच्या नावाखालीच केला. सहा महिने उलटलेले होते, खटला संपला.

दुसरा महाराष्ट्र सरकार विरुद्ध आत्माराम. गुन्हा वदवून घेण्यासाठी संशयितांना कोंडून मारहाण केल्याचा पोलिसांवर आरोप होता. त्यांनीही कलम १६१ पुढे केलं. कोर्टानं विचारलेला प्रश्न साधा होता. तपास करण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार कायद्यानं पोलिसांना दिला आहे. मारण्याचा कुठे दिला आहे? उलट कबुलीसाठी धमकावण्याचीही बंदी आहे. मग मारहाण कर्तव्याच्या नावाखाली झाली असं म्हणताच येणार नाही. कवच काढून घेतलं गेलं. आंध्रातल्या अशाच एका प्रकरणात, एन. वेणुगोपाल निकालात, कोर्टानं थोडं आधी हीच वाट धरली होती. तिथे तर संशयिताचा जीव गेला होता.

माझ्या मते प्रश्न तिथेच मिटायला हवा होता. तो मिटला नाही. २०२० साली देवराज प्रकरण आलं. बंगळुरूच्या पोलिसांनी कोठडीत मारहाण केल्याची ती फिर्याद होती आणि कर्नाटकच्या पोलीस कायद्यात आपल्या १६१ चं भावंड शोभावं असं कलम १७० आहे. कोर्ट म्हणालं, पोलिसानं मर्यादा ओलांडली असली तरी कृत्याचा कर्तव्याशी वाजवी संबंध असेल, तर सरकारची मंजुरी हवी. ती नव्हती, फिर्याद रद्द झाली. कबुलीसाठीच्या मारहाणीचा कर्तव्याशी संबंध नाही, हे आत्माराम निकालाचं ठाम उत्तर यामुळे संदिग्ध झालं. आता पोलिसाच्या वकिलाला हव्या त्या वर्षाचा निकाल निवडता येतो.

मंजुरी सरकारच्या हाती ठेवली की काय होतं, हे मुंबईनं पाहिलं आहे. घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात पकडलेला ख्वाजा युनूस जानेवारी २००३ मध्ये पोलिसांच्या ताब्यातून नाहीसा झाला. तपासात चौदा पोलिसांची नावं आली, खटल्याची मंजुरी चौघांपुरतीच मिळाली.

कोठडीतल्या अत्याचारांवरचे नीलाबती बेहेरा, डी. के. बासू हे सुप्रीम कोर्टाचे निकाल वाचकांना ठाऊक आहेत. त्यांतून भरपाई मिळाली, अटकेचे नियम आले. पण भरपाई सरकारी तिजोरीतून जाते, मारणारा हात मोकळाच राहतो. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात कोर्टानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावून चित्रण अठरा महिने, ते जमत नसेल तर किमान वर्षभर, जपण्याचा आदेश दिला. म्हणजे मारहाणीचा पुरावा ठाण्यात शाबूत असेल आणि खटल्याची मुदत मात्र त्याच्या कितीतरी आधी संपलेली असेल.

प्रामाणिक पोलिसाला खोट्या फिर्यादींपासून संरक्षण हवं, हे मला मान्य आहे. दंगलीत लाठी चालवणाऱ्या हवालदाराला दहा वर्षांनी कुणी कोर्टात खेचू नये. पण बंद खोलीत, हात बांधलेल्या माणसावर पट्टा चालवणाऱ्यासाठी ते संरक्षण कधीच नव्हतं. पोलीस हा राज्याचा विषय आहे, त्यामुळे यासाठी दिल्लीकडे बोट दाखवता येणार नाही. कबुलीसाठी केलेल्या छळाला कलम १६१ ची मुदत लागू होणार नाही आणि मंजुरीचीही गरज नाही, एवढं एक परंतुक महाराष्ट्र विधिमंडळानं त्या कलमात घालावं. आत्माराम निकालानं जे सांगितलं तेच कायद्यात लिहायचं आहे. एका अधिवेशनात होण्यासारखं हे काम आहे आणि आपल्या आमदारांनी ते का केलेलं नाही, हे त्यांना विचारायला हवं.