राणीमहालाचं रंगवलेलं छत

झाशीला गेलेला मराठी माणूस आधी किल्ला गाठतो. राणीने घोडा कुठून उतरवला ते विचारतो, कडक बिजली तोफेजवळ फोटो काढतो आणि गाडीची वेळ झाली म्हणून स्टेशनकडे वळतो. किल्ल्याखाली शहराच्या गर्दीत उभा असलेला राणीमहाल बहुतेकांचा राहूनच जातो. माझ्या मते, झाशीत हाताशी एकच तास असेल तर तो इथे द्यावा.

नावात महाल असला तरी घडण वाड्याची आहे. सपाट धाब्याची दुमजली इमारत, मध्ये चौक, चौकात विहिरी आणि कारंजं, भोवती सहा दालनं आणि लहान खोल्या. तो बांधला रघुनाथराव नेवाळकरांनी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडच्या कोट गावचे, पेशव्यांचे इथले सुभेदार. १८५४ मध्ये कंपनी सरकारने झाशी खालसा केली, दरमहा पाच हजारांचा तनखा ठरवला आणि किल्ला खाली करायला लावला. तेव्हा राणी लक्ष्मीबाई दत्तक मुलाला, दामोदररावाला, घेऊन इथे राहायला आल्या. राज्य गेलेल्या विधवेचं हे घर होतं.

आज ते पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. नवव्या ते बाराव्या शतकातली बुंदेलखंडातली शिल्पं इथे मांडली आहेत. घडण सुरेख आहे, पण ही मंडळी बाहेरून आलेली, देवळांतून निखळलेली. घराचं स्वतःचं म्हणावं असं वैभव दरबाराच्या दिवाणखान्यात आहे. तिथे पोचल्यावर मान वर करावी.

छत रंगवलेलं आहे, कमानीही. फुलं, वेली, पानांच्या नक्षीतून डोकावणारे पशुपक्षी. लाल रंग अजून ठसठशीत आहे. त्या चित्रांत युद्ध नाही, कुणाचा पराक्रम नाही; रोज उठून ज्यांच्याकडे बघावं अशी ती आहेत. नाना फडणविसांच्या मेणवलीच्या वाड्यातली भित्तिचित्रं पाहिलेल्याला भिंती रंगवायची ही मराठी हौस ओळखीची वाटेल. पण इथून जवळच ओरछा आणि दतिया आहेत. बुंदेल्यांच्या राजवाड्यांत चित्रं काढणाऱ्यांची परंपरा तिथे आधीपासून होती. नेवाळकर कोकणातून आले आणि या रंगांच्या मुलखात घर बांधून राहिले. महाल बांधला कुणी हे सगळे सांगतात. रंगवला कुणी, हे कुणी सांगत नाही. मला त्या अनाम हातांविषयी राणीइतकीच ओढ वाटते.

हे छत उरलं, हेच नवल. एप्रिल १८५८ मध्ये, सत्तावन्नचा उठाव मोडायला आलेली इंग्रज सेनापती ह्यू रोजची फौज शहरात शिरली. राजवाड्यात खोलीखोलीतून झुंज झाली, तबेल्यात तर शेवटच्या माणसापर्यंत. लॉर्ड बेंटिंकने झाशीचे आधीचे राजे रामचंद्रराव यांना दिलेला रेशमी युनियन जॅक तिथेच सापडला आणि इंग्रजांनी तोच वर चढवला. पुढचे दिवस लुटीचे आणि कत्तलीचे. वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा झाशीतच अडकले होते. १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी छापलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये झाशीच्या पुस्तकालयाचा नाश वाचताना आजही पोटात कालवतं. सरदारांच्या लुटीची भरपाई होऊ शकते, पोथ्यांची कशी होणार? राणीचे पती गंगाधरराव नाटकाचे वेडे, स्वतः भूमिका करणारे. ती नाटकशाळाही काळाने नेली. वाड्याचाही बराच भाग पडला. कलासक्त घराण्याच्या एवढ्या गोष्टींतून या दिवाणखान्याचे रंग तेवढे हाती राहिले.

म्हणून तिथे गेल्यावर घाई करू नये. भिंतीला हात लावू नये. हाताच्या घामानेही रंग झिजतात. मग लक्ष्मीतालावर जावं. नवऱ्याच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी बांधून घेतलेली गंगाधररावांची छत्री बागेत उभी आहे. आणि दिवस शिल्लक असेल तर ओरछ्याचं लक्ष्मीनारायण मंदिर चुकवू नये. तिथल्या भिंतींवर पुराणातल्या प्रसंगांशेजारी बंदुका घेतलेले गोरे शिपाईही चितारलेले आहेत.