दुपारची झोपही सरावातच!

बर्फ म्हटला की आमच्या काशीगावात दोनच गोष्टी आठवतात. एक, उन्हाळ्यात गोळेवाल्याच्या गाडीवर किसला जाणारा बर्फ. आणि दुसरा, उत्तनची मासळी विकायला येणाऱ्या बायकांच्या टोपलीतला. तिसरा बर्फ पाहायचा तर टीव्ही लावायचा, नाहीतर पैसे साठवून मनालीची सहल काढायची. तरीही मैत्रिणींनो, आज मला बर्फावरच्या एका बाईबद्दल लिहायचं आहे. त्याला निमित्त झाली आमच्या चाळीतली नववीतली एक मुलगी.

ही मुलगी लांब पल्ल्याचं धावते. पहाटे साडेतीनला नळाला पाणी येतं. ते भरून झालं की पाच वाजता बूट घालून बाहेर. काशीमिरा नाक्यावर हायवे आणि घोडबंदर रस्ता एकत्र येतात. तिथे त्या वेळीही कंटेनर-ट्रेलर धडधडत असतात, म्हणून ती आतल्या रस्त्यानं जाते. सहाला परत, भावाचा डबा, सातला शाळा. दीडला घरी आली की जेवण, भांडी, आणि मग ती सरळ फरशीवर चटई टाकून झोपते. संध्याकाळी पुन्हा सराव. तिची आई भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशच्या कामाला जाते, वडील रिक्षा चालवतात.

तिच्या त्या दुपारच्या झोपेवर आमची अख्खी चाळ बोलायची. ‘घोडी झाली तरी दुपारची लोळते!’ खोटं कशाला सांगू, मीही बोलले. म्हटलं, ‘अगं, आई तिकडे दिवसभर उभी असते आणि तू खुशाल झोपतेस?’ ती म्हणाली, ‘काकू, सर म्हणतात झोपायचं. झोपही सरावातच धरायची. आणि सर म्हणतात, हळू पळ. शेजारणीशी गप्पा मारता येतील इतकं हळू.’

मला हसूच आलं. हळू पळायचं आणि दुपारी झोपायचं, हा कसला सराव? मग मारित ब्योर्गनबद्दल वाचलं आणि माझं हसू जागच्या जागी विरलं.

मारित नॉर्वेची. १९८० सालचा जन्म; लहानाची मोठी झाली ती ट्रॉन्डहाइमच्या दक्षिणेला रोग्नेस नावाच्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी. तिचा खेळ क्रॉस-कंट्री स्कीइंग. हिंदी सिनेमात हिरो-हिरोईन डोंगरावरून सुर्रकन घसरत येतात, तो हा खेळ नव्हे हं! इथे उतार मिळतो तसा चढही मिळतो, आणि चढावर घसरून कसं चालेल? पायात लांब, अरुंद पट्ट्या असतात. बूट फक्त चवड्याशी अडकवलेला, टाच मोकळी. दोन्ही हातांत काठ्या. पायांनी रेटायचं, काठ्यांनी ढकलायचं आणि असं दहा, तीस, पन्नास किलोमीटर जायचं. पाय, पाठ, पोट, दंड, सगळं एकाच वेळी कामाला लागतं. अंतिम रेषा ओलांडली की कित्येक जणी तिथेच बर्फात आडव्या होतात. ते नाटक नसतं.

२००२ ते २०१८ या काळात पाच हिवाळी ऑलिंपिकमध्ये मारितनं पंधरा पदकं जिंकली. त्यातली आठ सुवर्ण. पण मला तिच्या पदकांपेक्षा तिच्या वहीची गोष्ट जास्त आवडली. वयाच्या विसाव्या वर्षापासून ती रोज काय सराव केला, किती वेळ केला, किती जोरात केला, हे लिहून ठेवत आली. नॉर्वेच्या संशोधकांनी सतरा वर्षांच्या त्या नोंदींचा अभ्यास करून २०१७ मध्ये तो प्रसिद्ध केला.

त्यात काय निघालं? विसाव्या वर्षी ती वर्षाला ५२२ तास सराव करायची. पस्तिशीपर्यंत हे तास ९४० वर गेले. एकदम नाही, दरवर्षी थोडे थोडे, मुरांब्याच्या पाकासारखे मंद आचेवर. तिच्या सगळ्यात यशस्वी पाच वर्षांत सरासरी ९३७ तास पडतात, म्हणजे आठवड्याला अठरा. आणि खरी गंमत पुढे आहे. दम आणि चिवटपणा वाढवायचा जो सराव, त्यातला शंभरातला ब्याण्णव भाग हळू होता. अगदी हळू, बोलता येईल असा. जीव खाऊन पळणं शंभरात जेमतेम पाच.

म्हणजे आमच्या चाळीतल्या मुलीचे सर बरोबर होते.

उन्हाळ्यात नॉर्वेतही सगळीकडे बर्फ नसतो. मग हे खेळाडू डांबरी रस्त्यावर रोलर-स्की वापरतात. छोट्या पट्टीला पुढे-मागे चाकं, हातात त्याच काठ्या. शिवाय डोंगरात धावणं, वजनं उचलणं. दिवसाला बहुतेक वेळा दोन सराव आणि मधल्या वेळात खाणं आणि विश्रांती. ही विश्रांती कौतुकाची नाही, गरजेची असते. सरावात शरीर झिजतं, दुरुस्ती होते ती झोपेत. दुरुस्तीच झाली नाही तर दुसऱ्या दिवशीचा सराव म्हणजे फाटलेल्या कापडावर पुन्हा धोपटणं.

इथे मला हिशेब घालायची हुक्की आली. केंद्र सरकारनं २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर रोज सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं त्यात आढळलं. पुरुषांची ८८ मिनिटं, तीही घरकाम करणाऱ्या पुरुषांची. पाच तासांना अकराच मिनिटं कमी! वर्षाचे झाले साडेसतराशे तास. मारितच्या सरावाच्या जवळजवळ दुप्पट. आता बोला! घरकामाचं ऑलिंपिक असतं तर पदकं ठेवायला आपल्या घरात जागा उरली नसती.

पण थट्टा बाजूला ठेवू. मारितच्या वहीत प्रत्येक तासाची नोंद आहे. तिनं जिना चढला तर त्याचाही हिशेब कुणीतरी धरतं. आपल्या मुलीनं पहाटे वीस कळश्या भरून दुसऱ्या मजल्यावर नेल्या, तर त्याची नोंद कुठे? तिच्या सरांना ते माहीत नसतं, आईला ते काम वाटत नाही, आणि मुलगी बिचारी म्हणते, आज पाय का जड झाले कळत नाही.

‘कामानं मुली काटक होतात’, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. कविता राऊतचं नाव त्यासाठी हटकून घेतलं जातं. नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याची ही आदिवासी मुलगी, म्हणून ‘सावरपाडा एक्सप्रेस’. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिनं कांस्य जिंकलं. राष्ट्रकुलच्या ट्रॅकवर भारतीय स्त्रीनं एकटीनं मिळवलेलं ते पहिलंच पदक. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिला दहा हजार मीटरमध्ये रौप्य मिळालं. सुवर्ण जिंकणारी प्रीजा श्रीधरनही भारताचीच, आणि दोघींमधलं अंतर एका सेकंदापेक्षा कमी! पुढे २०१६ मध्ये कविता रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉनही धावली.

ती लहानपणी डोंगरात अनवाणी पळायची, हे कौतुकानं सांगितलं जातं. मला मात्र वाटतं, त्या कौतुकात आपण अर्धीच गोष्ट सांगतो. डोंगरात अनवाणी पळणाऱ्या आणि पाणी वाहणाऱ्या मुली आपल्याकडे हजारो आहेत. त्यांच्या गळ्यात पदकं का नाहीत? कविता नाशिकला आली, विजेंद्र सिंग यांच्यासारखा प्रशिक्षक मिळाला, वर्षानुवर्षं नेमानं सराव झाला, तेव्हा ती कविता राऊत झाली. कष्टानं अंगात ताकद आली असेलही. पण ती ताकद खेळासाठी शिल्लक राहायला हवी ना!

बर्फच नसेल तर काय, असंही कुणी म्हणेल. तर कर्नाटकातल्या कोडगूची भवानी टी. एन. पाहा. कोडगू म्हणजे कॉफीचे मळे आणि धो धो पाऊस. बर्फाचा पत्ता नाही. त्या मुलुखातली ही मुलगी क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये भारताकडून खेळते. २०२५ मध्ये चिलीतल्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत तिनं पाच किलोमीटरमध्ये कांस्य मिळवलं. आपल्याकडच्या स्कीइंगपटूंमध्ये सैन्यातले जवान आणि काश्मीर, लडाख, हिमाचलकडची बर्फात वाढलेली मुलंच जास्त. त्यांच्यात कॉफीच्या देशातली ही पोरगी!

तसंही या खेळात बायकांना जागा सहज मिळाली नाही. पुरुषांच्या क्रॉस-कंट्री शर्यती १९२४ च्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकपासून आहेत. बायकांना पहिली संधी १९५२ साली ओस्लोला मिळाली, तीही फक्त दहा किलोमीटरची. पुरुष तेव्हा पन्नास धावत होते. नाजूक जीव, झेपणार नाही, वगैरे वगैरे. तीस किलोमीटर १९९२ मध्ये आले. आणि पुरुषांइतकेच पन्नास किलोमीटर ऑलिंपिकमध्ये बायकांना मिळाले ते २०२६ मध्ये, इटलीतल्या मिलानो-कोर्तिनाला. चौऱ्याहत्तर वर्षं लागली! दुसऱ्या मजल्यावर पाणी चढवताना मात्र बाईला झेपेल का, असं कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

रक्ताबद्दलही सांगायला हवं. लांब पल्ल्याच्या खेळात सगळी मदार रक्तावर असते, कारण स्नायूंपर्यंत प्राणवायू तेच पोचवतं. हे स्कीइंगपटू समुद्रसपाटीपासून दीड-दोन हजार मीटर उंचीवर जाऊन आठवडेच्या आठवडे राहतात. विरळ हवेत शरीर जास्त तांबड्या पेशी तयार करतं, एवढ्यासाठी. आणि आपल्याकडे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या एकोणसाठ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. डोंगरावर जायची गोष्टच सोडा, आधी शाळेत मिळणारी लोहाची गोळी पोटात जाऊ द्या. ‘गरम पडते’ म्हणून ती खिडकीतून बाहेर टाकणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. मुलगी खेळत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात होतं ते.

आता मारितच्या गोष्टीतला मला सगळ्यात भावलेला भाग. २०१५ च्या डिसेंबरात तिला मुलगा झाला. तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती. आपल्याकडे काय म्हणतील? ‘झालं आता खेळणं, पोराकडे बघ.’ तिनं गरोदरपणातही डॉक्टरांच्या सल्ल्यानं सराव चालू ठेवला होता. महिने भरत आले तसे तास कमी केले, जोराचा सराव जवळपास थांबवला. बाळंतपणानंतरही घाई नाही, पायरी-पायरीनं वाढवत नेलं. (हे वाचून डॉक्टरांना न विचारता कुणी पळत सुटू नका, बायांनो!) २०१७ च्या विश्वविजेतेपद स्पर्धेत तिनं चार सुवर्ण जिंकली, मूल सव्वा वर्षाचंही नव्हतं. २०१८ मध्ये प्यॉंगचांग ऑलिंपिकला पाच पदकं, आणि शेवटच्या दिवशी तीस किलोमीटरचं सुवर्ण. मग त्याच वर्षी निवृत्ती. तिचा जोडीदारही जुना ऑलिंपिक विजेता, फ्रेड बोर्रे लुंडबर्ग. विश्रांती म्हणजे काय, हे त्या घरात कुणी कुणाला समजावून सांगावं लागत नसणार.

आमच्या चाळीत मात्र ते समजावून सांगावं लागलं.

मी त्या मुलीला घरातली एक कोरी डायरी दिली. म्हटलं, तूही लिही. किती पळलीस, किती झोपलीस, काय खाल्लंस. आठवड्यानं तिनं डायरी दाखवायला आणली. पहिल्या पानावर टाचदार अक्षरात लिहिलं होतं : ‘पाणी – २२ कळश्या, दुसरा मजला. धावणे – ७ कि.मी. हळू. झोप – रात्री ५ तास, दुपारी दीड.’ दुसऱ्या पानावर तसंच. तिसऱ्या पानावर कळश्या अठ्ठावीस, कारण शेजारच्या आजींचंही पाणी भरलं होतं.

शेजारच्या आजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्या दिवशी मला कंबर धरली होती.

डायरी तिच्या सरांनीही पाहिली. त्यांना पाण्याचं ठाऊकच नव्हतं. त्यांनी त्या आठवड्याचे दोन सराव कापले आणि रविवारी घरी येऊन आईशी बोलले. आई गप्प बसून ऐकत होती. मग म्हणाली, ‘सर, मला तरी पहाटे उठवत नाही हो, हात चालत नाहीत.’ पॉलिश करून करून बोटं सुजलेली. तिला काय बोलणार? वडील उंबऱ्यात बसून रिक्षाची कागदपत्रं चाळत होते. थोड्या वेळानं त्यांनी सातवीतल्या मुलाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘तू किती वाजता उठतोस रे?’

हल्ली पहाटे साडेतीनला जिन्यावरून बादली आपटत नेल्याचा आवाज येतो. आवाजावरूनच कळतं, मुलगा भरतोय. ती कळशी नेते तेव्हा आवाज येत नाही. आठवड्यातून पाच दिवस तो भरतो, रविवारी वडील. मंगळवारी अजून तीच भरते, कारण त्या दिवशी त्याची पहाटेची शिकवणी असते. जिल्ह्याच्या निवड चाचणीला तीन आठवडे उरलेत. मंगळवारचं आमचं पाणी मी आता स्वतः भरते, आणि दुपारी दीड ते तीन आमच्या बाजूचा रेडिओ बंद असतो.