दहिवराची तारीख

डिसेंबर 2018 च्या शेवटच्या आठवड्यात निफाडचा पारा 1.8 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. वर्तमानपत्रांतील मथळ्यांमुळे अनेकांना ते आठवत असेल. आमची द्राक्षबाग त्याच तालुक्यात आहे. मी तेव्हा शाळेत होतो. वडिलांनी पहाटे चारला उठवले आणि घरची सारी माणसे बांधाबांधाने शेकोट्या पेटवीत हिंडलो. उजाडल्यावर पाहतो तो खालच्या तुकड्यातील गवतावर मिठासारखा पांढरा थर! वरच्या तुकड्यात मात्र नुसते दव. पारा शून्याखाली गेला नव्हता, मग दव गोठले कसे? आणि गोठले ते खालीच का? कला शाखेच्या विद्यार्थ्याने अशा विषयात डोके घालावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या पिकावर घरातील सर्वांचे वर्ष अवलंबून असते, त्याच्या शत्रूची ओळख करून घेणे कोणत्याही शाखेच्या मुलाला भागच असते.

दहिवर हा शब्द काहीजण साध्या दवासाठीही वापरतात. या लेखात तो गोठलेल्या दवासाठी वापरला आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, पेटीत ठेवलेला असतो. तो हवेचे तापमान सांगतो, गवताच्या पात्याचे नव्हे. दिवसभर तापलेली जमीन आणि पाने रात्री आपली उष्णता आकाशाकडे टाकीत असतात. आभाळ भरून आलेले असेल तर ढग गोधडीचे काम करतात. आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असेल, तर मात्र पाने भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. त्यामुळे तापमापक दोन-तीन अंश दाखवीत असताना पाने शून्याखाली गेलेली असू शकतात. पेशींतील व पेशींभोवतीचे पाणी गोठले, की कोवळी पाने उकडल्यासारखी होऊन काळी पडतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि सखल जागी साचते. महाबळेश्वर गावात पारा कितीतरी वर असताना वेण्णा तलावाच्या परिसरात हिमकण दिसतात, त्याचे कारण हेच. आमचा खालचा तुकडा नाल्याकाठी आहे, आणि त्याच्या खालच्या अंगाला आम्हीच दाट कुंपण लावले होते. म्हणजे थंडीला आम्ही जणू बंधाराच घातला होता!

आपल्याकडे हा पाहुणा क्वचितच येतो. थंड देशांत मात्र बागेचा सारा आराखडा त्याच्याभोवती आखावा लागतो. तेथील माळी दोन तारखा मनाशी धरून चालतो. वसंतातील शेवटच्या दहिवराची एक आणि शरदातील पहिल्या दहिवराची दुसरी. समजा, एखाद्या गावी या तारखा 10 मे आणि 5 ऑक्टोबर आहेत. मधले 148 दिवस त्याचे. वाटाणा, कोबी, पालक, गाजर ही काटक मंडळी 10 मेच्या आधीही जमिनीत जाऊ शकतात. टोमॅटो, वांगी, मिरची, काकडी यांना दहिवर मुळीच सोसत नाही; त्यांची रोपे घरात उबेला वाढवून नंतरच बाहेर लावायची. शरदाचा हिशेब उलटा मांडतात. साठ दिवसांचा घेवडा असेल, तर 5 ऑक्टोबरपासून साठ दिवस मागे जायचे. दिवस लहान होत गेल्याने वाढ मंदावते, म्हणून आणखी दोन आठवडे धरायचे. तेव्हा पेरणी 23 जुलैच्या आत व्हावयास हवी.

येथे एक फसगत संभवते. ही तारीख बहुधा सरासरी असते. सरासरी तारखेनंतर दहिवर पडणारच नाही, असा तिचा अर्थ नव्हे. साधारण निम्म्या वर्षी ते नंतरही पडते. मध्य युरोपातील शेतकऱ्यांनी हे संतांच्या दिवसांत बांधून ठेवले आहे. 11 ते 15 मे हे तेथे ‘बर्फाळ संतांचे’ दिवस. जर्मन माळी 15 मेची ‘थंडगार सोफी’ सरल्याखेरीज नाजूक रोपे बाहेर काढीत नाही. आपल्याकडे नक्षत्रांवर पेरण्या ठरतात, त्यातलाच हा प्रकार. लोकपरंपरा म्हणजे पुष्कळदा पिढ्यान्‌पिढ्यांची नोंदवहीच असते.

पण जुन्या नोंदीही आता पुरेशा पडत नाहीत. 2021 च्या मार्चअखेर फ्रान्समध्ये ऊब वाढून द्राक्षवेलींना लवकर कोंब फुटले आणि एप्रिलच्या दहिवराने ते जाळून टाकले. हवामान उबदार होत असताना दहिवराचे नुकसान वाढू शकते, हे ऐकायला विचित्र वाटते. परंतु वेल जितकी लवकर जागी होईल, तितकी ती धोक्यात अधिक सापडते.

उपायही याच तत्त्वांवर उभे आहेत. ओली जमीन दिवसा अधिक उष्णता साठविते व रात्री हळूहळू देते, म्हणून आदल्या दिवशी पाणी द्यावे. रोपे संध्याकाळी झाकावीत, सकाळी उघडावीत. काही देशांत झाडांवर रात्रभर तुषार सोडतात. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे 80 कॅलरी उष्णता बाहेर पडते आणि कळी वाचते. मात्र बर्फ वितळू लागण्यापूर्वी पाणी बंद केले, तर उलट हानी होते. आमच्या शेकोट्यांत उपयोग होतो तो उष्णतेचा आणि हवा ढवळली जाण्याचा. धूर फारसे काही करीत नाही.

आता आमच्या बागेचे. ऑक्टोबरच्या मध्यास छाटणी केली, की मण्यांत पाणी उतरण्याची अवस्था नेमकी डिसेंबरअखेर-जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत येते आणि मण्यांना तडे जातात. छाटणी लवकर केली, तर कोवळ्या घडांवर परतीचा पाऊस आणि डाऊनीचे संकट. एका बाजूला पाऊस, दुसऱ्या बाजूला थंडी. त्यांच्या मधल्या फटीतून तारीख काढायची असते. त्या वर्षी खालच्या तुकड्यातला बराच माल आम्हाला बेदाण्याच्या भावाने द्यावा लागला आणि सोसायटीचे कर्ज पुढच्या वर्षावर गेले.

पुढच्या उन्हाळ्यात वडिलांनी खालच्या कुंपणात दोन ठिकाणी मोठी मोकळीक ठेवली, दोन्ही तुकड्यांची छाटणी वेगवेगळ्या आठवड्यांत करायचे ठरविले, आणि मला दोन साधे तापमापक आणून दिले. खालचा तापमापक थंड पहाटे वरच्यापेक्षा कमी दाखवितो. हा फरक मी वहीत लिहून ठेवतो. वसतिगृहात असलो की धाकटी बहीण लिहिते. जिल्ह्याचा आकडा वर्तमानपत्रात मिळतो. आपल्या बांधाचा आकडा मात्र आपणच मिळवावा लागतो. ज्यांच्या घरी बाग, मळा किंवा परसात चार वाफे आहेत, त्यांनी या हिवाळ्यात अशी एक वही जरूर सुरू करावी.