बसचा प्रवासी हा आधी पादचारी असतो

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात रस्त्याच्या रचनेविषयीचा लेख पाहून काही हितचिंतकांना आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अपघात विभागात दाखल होणाऱ्या रुग्णाची कहाणी रुग्णालयाच्या दारात सुरू होत नाही; ती एखाद्या चौकात किंवा बसथांब्यासमोर सुरू झालेली असते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दररोज सरासरी सुमारे ९० जण. जे वाचतात, त्यांचेही आयुष्य पूर्ववत होतेच असे नाही. वृद्ध व्यक्तीच्या खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही पूर्वीसारखे कुणाच्या आधाराविना हिंडणे-फिरणे अनेकांना पुन्हा साधत नाही.

अशा प्रसंगी ‘पादचाऱ्याने लक्ष द्यायला हवे होते’ असे सहज म्हटले जाते. सावधगिरी आवश्यक आहेच. परंतु माणसाचे लक्ष क्षणभर विचलित होणारच, हे गृहीत धरून रस्ता बांधला पाहिजे. रस्त्याची रचना अशी हवी, की एका क्षणाच्या चुकीची किंमत कुणाला प्राणाने मोजावी लागू नये.

वेगाचे गणित

चालकाला धोका उमगून ब्रेकवर पाय ठेवण्यास एक सेकंद लागतो, ब्रेक उत्तम आहेत आणि रस्ता कोरडा आहे, असे धरू. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सुमारे १३ मीटर अंतरात थांबते. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या मोटारीला त्यासाठी सुमारे २८ मीटर लागतात. याचा अर्थ असा, की जेथे पहिली मोटार थांबलेली असते, तेथे दुसऱ्या मोटारीचा ब्रेक लागण्यास नुकती कोठे सुरुवात होत असते. ती जवळजवळ पूर्ण वेगाने पादचाऱ्यावर आदळते. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेग दुप्पट झाला की ती चौपट होते. म्हणूनच ओलांडण्याच्या जागी रस्ता पदपथाच्या पातळीपर्यंत किंचित उंचावणे, हा केवळ वाहनांना अडथळा नसून प्राणरक्षणाचा उपाय ठरतो.

ओलांडण्याचे अंतर

निरोगी माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो. २४ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास त्याला २० सेकंद पुरतात. काठी टेकत सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजीबाईंना मात्र ३० सेकंद लागतात. सिग्नल पहिल्या हिशेबाने लावला, तर त्या रस्त्याच्या मध्यावरून थोड्याच पुढे गेलेल्या असताना वाहने सुटतात. मध्यभागी उभे राहण्यास सुरक्षित, उंचावलेली जागा असेल, तर तोच रस्ता १२-१२ मीटरच्या दोन टप्प्यांत, एका वेळी एकाच दिशेच्या वाहनांकडे पाहून ओलांडता येतो.

पादचारी पूल हा यावरचा सोपा उपाय वाटतो. परंतु खालून उंच वाहने जाण्यासाठी पूल साडेपाच मीटरहून अधिक उंच बांधावा लागतो. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी धरली, तरी चाळीसच्या आसपास पायऱ्या चढणे आणि तितक्याच उतरणे आले. गुडघेदुखीचा रुग्ण, गरोदर स्त्री किंवा डोक्यावर ओझे असलेला श्रमिक ही वाट टाळून खालूनच जातो. त्याला बेशिस्त ठरवण्यापूर्वी त्याच्या गुडघ्यांचा विचार व्हायला हवा.

थांबा आणि ओलांडण्याची जागा

बसने जाणारा प्रत्येक माणूस प्रवासाच्या आरंभी आणि अखेरीस पादचारी असतो. सकाळी कडेच्या थांब्यावरून बस पकडणारा संध्याकाळी समोरच्या बाजूस उतरतो. म्हणजे दिवसातून एकदा तरी त्याला संपूर्ण रस्ता ओलांडावा लागतो. त्यामुळे बसथांबा आणि ओलांडण्याची जागा यांचा विचार एकत्रच झाला पाहिजे.

पुण्यातील सातारा रस्त्याचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. डिसेंबर २००६ मध्ये तेथे बससाठी राखीव मार्गिकेचा प्रयोग सुरू झाला. बसला कोंडीतून मुक्त वाट देण्याचा हेतू योग्यच होता. परंतु रस्त्याच्या मध्यावरील थांब्यापर्यंत प्रवाशाने सुखरूप पोहोचावे कसे, याची पुरेशी तजवीज नसल्याची टीका तेव्हा झाली. पुढे २०१५ साली संगमवाडी ते विश्रांतवाडी मार्गावर बसच्या तळाइतक्या उंचीचे फलाट असलेली स्थानके आली आणि पायऱ्या न चढता बसमध्ये शिरण्याची सोय झाली. दोन्ही अनुभवांचा बोध एकच : राखीव मार्गिका बसला वेग देते, प्रवाशाला सुरक्षितता मात्र थांब्यापर्यंतच्या वाटेनेच मिळते.

थांबा कडेला असेल, तर तो शक्यतो ओलांडण्याच्या जागेच्या पुढे असावा. तसे केल्यास उतरलेले प्रवासी बसच्या मागून रस्ता ओलांडतात. थांबा अलीकडे असला, तर ते उभ्या बसच्या पुढून निघतात आणि बसला ओलांडून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ते अखेरच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत. थांब्यापाशी पदपथच बसच्या दारापर्यंत पुढे आणला, तर प्रवाशांना बसची वाट पाहत रस्त्यावर उतरावे लागत नाही.

पदपथ : उपकार नव्हे, गरज

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी आणि पदपथाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी. दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींशेजारून जाऊ शकतील, असा या रुंदीमागील विचार आहे. विजेची पेटी, झाडाचे आळे किंवा उभी दुचाकी या मोकळ्या जागेत आली, की पदपथ असूनही नसल्यासारखाच होतो. पुणे महानगरपालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले. त्यानंतरच्या काळात जंगली महाराज रस्त्यावर रुंद झालेले पदपथ पाहिले, म्हणजे वर्दळीच्या रस्त्यावरही चालणाऱ्याला सन्मानाची जागा देता येते, हे पटते.

आपला वाटा

जखमी व्यक्ती नेमक्या कोणत्या थांब्यासमोर, कोणत्या वेळी आणि काय करत असताना सापडली, याची नोंद रुग्णालयांनी काळजीपूर्वक ठेवली, तर धोक्याच्या जागा ओळखण्यास त्या नोंदींचा मोठा उपयोग होतो. नागरिकांनीही जखमीला मदत करताना कचरू नये. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्यास कायदेशीर संरक्षण दिलेले आहे.

मोडलेले हाड सांधणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे आणि ते आम्ही निष्ठेने करत राहू. परंतु उपचारानंतर रुग्ण घरी निघतो, तो त्याच रस्त्याने आणि पुष्कळदा त्याच बसथांब्यावरून. ती वाट निर्धोक झाल्याखेरीज आमचे काम पूर्ण झाले, असे आम्हांस म्हणता येणार नाही.