विहिरीवरचं इंजिन

जामनेर म्हटलं की जुन्या यंत्रांची आवड असणाऱ्यांना पाचोऱ्याहून येणारी, अडीच फुटी रुळांवरची पीजे रेल्वेगाडी आठवते. तिच्यासाठी हळहळणारे पुष्कळ. विहिरींच्या काठी पडक्या खोपीत गंजलेल्या ऑइल इंजिनांसाठी मात्र कुणी हळहळत नाही. मला ती जास्त मोलाची वाटतात. वीज पोचली नव्हती तेव्हा मोटेच्या बैलांना सुट्टी दिली ती याच इंजिनांनी.

त्यातलं माझं लाडकं लिस्टर घडणीचं. इंग्लंडमधल्या डर्सली गावच्या लिस्टर कंपनीने ही घडण १९३० च्या सुमारास बाजारात आणली. एकच उभा सिलिंडर, दोन्ही बाजूंना जड चाकं. सहा हॉर्सपॉवरचं इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेतं. पुढे राजकोटच्या कारखान्यांनी हीच घडण उचलली. असली संथ इंजिनं लहान बोटींतही बसत. बोटीतलं समुद्राच्या पाण्यावर थंड राहतं, विहिरीवरचं बहुधा त्यानेच उपसलेल्या पाण्यावर.

दुखणंही तिथेच सुरू होतं. काळ्या पाषाणातून झिरपलेलं पाणी जड असतं. वर्षानुवर्षं त्यातला क्षार सिलिंडरभोवतीच्या पोकळीत थरांनी साचतो, पाण्याची वाट बुजते, लोखंड तापतं आणि एक दिवस पिस्टन जाम होतो. पुष्कळ जण म्हणतात, इंजिन संपलं. खरं तर ते फक्त कोंडलेलं असतं.

दुरुस्तीची पहिली अट म्हणजे हातोडा दूर ठेवणं. हेड उतरवून सिलिंडरमध्ये रॉकेल आणि तेल ओतायचं आणि ते मुरू द्यायचं, चार दिवस लागोत की पंधरा. मग लाकडाच्या ठोकळ्यावरून हलके ठोके. क्षारासाठी गॅरेजवाले तीव्र अ‍ॅसिड ओततात. त्याने क्षाराबरोबर बिडाचं लोखंडही खाल्लं जातं. सायट्रिक अ‍ॅसिडचं कोमट पाणी सावकाश काम करतं, पण अंग राखतं. शेवटी धुण्याच्या सोड्याने धुवावं. व्हॉल्व्ह पेस्ट लावून त्यांच्या बैठकीवर घासायचे. नोझलमधून डिझेल थेंबांनी गळता कामा नये, धुक्यासारखं फुटलं पाहिजे. पिस्टन आणि हेड यांच्यातली फट शिशाची तार दाबून मोजतात. चपटी झालेली तार किती जाड उरली, तेवढी फट. याहून सोपं आणि खात्रीचं माप मला माहीत नाही.

मग व्हॉल्व्ह उचलून धरायचा, हँडल मारून चाकांना वेग द्यायचा आणि व्हॉल्व्ह सोडायचा. पहिला ठोका पडला की भोवतीची माणसं ओरडतात. जाणत्याचा हात तेव्हा बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली असतो. पाणी फार तापलं तर वाट अजून बुजलेली आहे. अगदी गार राहिलं तरी वाईट, कारण थंड सिलिंडरच्या भिंतीवर धुरातलं आम्ल जमतं आणि लोखंड झिजवतं. पाणी चांगलं गरम येईपर्यंत तोटी कमी-जास्त करत राहायचं. रंगाचा डबा त्यानंतर उघडावा, आणि कंपनीची पितळी पाटी असली तर तिच्यावर ब्रश फिरवू नये.