गोऱ्ह्याची पारख : लहान चणीच्या गोधनाचे भवितव्य

पोळ्याच्या दिवशी गावोगावी बैलांची पूजा होते. परंतु ज्या वळूवर पुढील बैलांची व गाईंची पिढी अवलंबून असते, त्याची निवड बहुधा कोणी जाणीवपूर्वक करीतच नाही. चांगला, उमदा गोऱ्हा शेतीच्या कामासाठी लवकर खच्ची केला जातो किंवा बाजारात विकला जातो. मागे राहिलेला, कोणीही न निवडलेला गोऱ्हा कळपात फिरत राहतो आणि तोच वळू ठरतो. अशा रीतीने कळपातील उत्तम रक्त पिढ्यानपिढ्या कमी होत जाते.

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. हा भाग अवर्षणप्रवण असून २०१२-१३ च्या दुष्काळात येथील पशुपालकांना चारा-पाण्याच्या टंचाईचे भीषण चटके सोसावे लागले. जनावरास रोज त्याच्या वजनाच्या साधारण दोन ते अडीच टक्के कोरडा चारा लागतो. अडीचशे किलो वजनाच्या गावरान गाईचे पाच-सहा किलोंत भागते. साडेचारशे किलोंच्या गाईस नऊ ते अकरा किलो चारा हवा. म्हणूनच टंचाईच्या काळात लहान चणीची गाय ही उणीव नसून सोय ठरते. मात्र अशा गाईस फार थोराड वळू लावल्यास वासरू मोठे होऊन गाय अडण्याचा धोका असतो. वळूची चण गाईला साजेशी असणे ही निवडीची पहिली अट होय.

लहान की खुरटलेला?

जातीने लहान असणे आणि उपासमारीने खुरटणे यांत भेद आहे. जातिवंत लहान गोऱ्हा प्रमाणबद्ध असतो : छाती रुंद, पाठ सरळ, पाय भक्कम, कातडी तुकतुकीत. खुरटलेल्याचे डोके व पोट मोठे, मान बारीक आणि केस राठ दिसतात. तथापि उपासमारीने आनुवंशिक गुण नष्ट होत नाहीत, तसेच भरपूर खुराकाने ते निर्माणही होत नाहीत. म्हणून एका गोऱ्ह्याची तुलना त्याच वयाच्या व त्याच गोठ्यातील इतर वासरांशीच करावी. वजनकाटा नसल्यास छातीचा घेर व शरीराची लांबी इंचांत मोजावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी यास ६६० ने भागले असता किलोंत अंदाजे वजन मिळते. घेर ५० व लांबी ४५ इंच असल्यास ते सुमारे १७० किलो भरते.

कोणती लक्षणे पाहावीत?

सर्वप्रथम आईची माहिती घ्यावी : तिचे दूध, दोन वेतांतील अंतर, कासेची ठेवण आणि स्वभाव. गोऱ्ह्याचे दोन्ही अंडकोष खाली उतरलेले, सारख्या आकाराचे व घट्ट असावेत. अंडकोषाचा घेर मोठा असल्यास वीर्यनिर्मिती चांगली होते व त्याच्या कालवडीही लवकर माजावर येतात, असे अनुभवास आले आहे. चाल सरळ, खूर मजबूत, दृष्टी निर्दोष आणि स्वभाव शांत असावा. गोऱ्हा 'आदत' असताना, म्हणजे दुधाचे दात असतानाच प्राथमिक निवड करून अंतिम निर्णय दोन दाती झाल्यावर, साधारण दोन-अडीच वर्षांनी घ्यावा. तोपर्यंत त्याचे खच्चीकरण करू नये. सांसर्गिक गर्भपातासारखे रोग वळूमार्फत कळपभर पसरू शकतात. यास्तव पशुवैद्यकामार्फत तपासणी झाल्याखेरीज तो वापरू नये.

बाह्य लक्षणे उपयुक्त असली तरी दुधाची खात्री देत नाहीत. खरी परीक्षा त्याच्या मुलींच्या दुधावरच होते. पण त्या विऊन दुधात येईपर्यंत वळू सुमारे आठ वर्षांचा झालेला असतो. म्हणून नोंदींना पर्याय नाही.

गावाची जबाबदारी

एक गाय आयुष्यात मोजकी वासरे देते. वळू मात्र वर्षाकाठी चाळीस-पन्नास गाई फळवू शकतो. त्याची चूक सबंध गावास भोवते. एकच वळू तीन वर्षांहून अधिक काळ ठेवल्यास त्याचा स्वतःच्याच कालवडींशी संकर होऊ लागतो. त्यापूर्वी तो दुसऱ्या गावच्या वळूशी बदलावा. देवाच्या नावाने सोडलेल्या वळूसही हाच नियम लागू आहे. कळप लहान असल्यास ही दक्षता अधिकच हवी. केरळमधील वेचूर ही अत्यंत लहान चणीची गाय जवळजवळ नामशेष झाली होती. १९८९ पासून केरळ कृषी विद्यापीठातील डॉ. सोसाम्मा आयप व त्यांच्या विद्यार्थ्यांनी उरलीसुरली जनावरे शोधून तिचे जतन केले. शिल्लक राहिले ते इतके थोडे, की प्रत्येक वळूची निवड मोलाची ठरली.

मराठवाड्यात लाल कंधारी व देवणी या नामवंत जाती आहेत. त्यांच्या जातिवंत वळूंचे वीर्य कृत्रिम रेतनासाठी वापरता येते. गावरान गाईच्या चणीस ते मानवेल काय, याचा सल्ला पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून घ्यावा. ग्रामपंचायतीने गावातील वासरांची एक नोंदवही ठेवावी. जनावराच्या कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, जन्मतारीख, आई-वडील व आईचे दूध एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून मोजमापे घेवविल्यास गणिताचा पाठही होईल. आज लिहिलेली एक ओळ दहा वर्षांनी गावाच्या गोठ्यात दूध आणि बळ होऊन उभी राहील.